टोकावरचा धूर

शेगडी दुकानात निवडायची नसते, घरात निवडायची असते. हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो आणि लोक आयुष्यभर कास्त्रो शहरात जाऊन दुकानातली सगळ्यात दांडगी शेगडी होडीत घालून आणत आले. मग ती दांडगी शेगडी एवढ्याशा खोलीत भडकते, माणसं घामाघूम होतात, हवेची झडप बंद करून टाकतात, आत लाकूड धुमसत बसतं, धुराड्यात डांबरासारखी काजळी धरते आणि एक दिवस धुराडंच पेट घेतं. मग धावत कोणाकडे येतात? माझ्याकडे. "आवेलिनो, काहीतरी करा हो!" काय करणार, कपाळ?

मी पत्र्याचं काम करतो आणि शेगड्या बसवतो. पिदेलच्या खाडीला दोन्ही काठांवर जी धुराडी दिसतात ती बहुतेक माझ्या हातची आहेत. माझी बायको झुलेमा म्हणते, या माणसाला कोणाच्या घरी गेलं की माणसं दिसतच नाहीत, आधी छप्पर दिसतं. खरंच आहे ते. धूर कुठून निघतो आणि कुठे जातो एवढं ज्याला कळलं त्याला ते घर कळलं, असं मी मानतो. हे आधीच सांगून ठेवतोय, कारण पुढचं ऐकलंत की तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याने सफरचंदाची दारू जरा जास्तच ढोसली होती. मी तेव्हा पूर्ण शुद्धीवर होतो.

गोष्ट ऑर्फेलिना कार्कामो यांच्या घराची. त्यांच्या मुलीला, एल्सिराला, बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातात धरलं होतं. त्यामुळे त्या माझ्या कोमाद्रे आणि मी त्यांचा कोंपाद्रे. आमच्या चिलोए बेटावर हे नातं सख्ख्या भावंडांच्या नात्याहून जड. एल्सिरा मला पाद्रिनो म्हणते, आणि बापाशी भांडावं तशी हक्काने भांडते.

कोमाद्रेंचं घर खाडीच्या तोंडाशी, टोकावर होतं. लग्न होऊन त्या तिथेच आल्या, तिथेच एल्सिरा झाली, तिथेच नवरा गेला. पण समुद्र दरवर्षी थोडी थोडी दरड खात चालला होता. गेल्या हिवाळ्यात लाटांचे तुषार थेट स्वयंपाकघराच्या खिडकीवर यायला लागले. सरपण ओलं, भिंती ओल्या, अंथरूण ओलं. कोमाद्रेंची छाती भरली आणि त्या मरता मरता वाचल्या. एल्सिरा पुएर्तो मोंतला मासळीच्या कारखान्यात कामाला. ती आली, आईला उचलून घेऊन गेली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत ठेवलं. बऱ्या झाल्याबरोबर कोमाद्रे मिळेल ती पहिली होडी पकडून परत.

"तिथे खिडकीतून काय दिसतं माहीत आहे का कोंपाद्रे? दुसरी खिडकी!" त्या मला म्हणाल्या.

एल्सिराने शेवटी एक अट घातली. जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीत, ती येणार. घर कोरडं आणि गरम असलं तर आईने राहावं. नाहीतर बोचकं बांधायचं आणि कायमचं निघायचं. पोरगी शब्दाची पक्की आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. कोमाद्रे मला म्हणाल्या, "त्या खोलीत मी मरेन हो. थंडीने नाही, कंटाळ्याने."

आमच्याकडे घर सोडून जात नाहीत, घर घेऊन जातात. सगळा गाव जमतो, घराखाली ओंडके सारतात, बैलजोड्या जुंपतात आणि घर ओढत किनाऱ्याला आणतात. भरती आली की ते पाण्यावर तरंगतं, लाँचींनी ओढून पलीकडे न्यायचं आणि पुन्हा बैल. याला मिंगा म्हणतात. कोणी मजुरी घेत नाही, पण घरमालकाने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. कोमाद्रेंचं घरही असंच खाडीपलीकडे न्यायचं ठरलं. आमच्या गावात मिंगाचा म्होरक्या सेलेदोनिओ. आवाज असा की बैलसुद्धा माना वळवून बघतात.

यातच एक रीत आहे. घर हलायच्या आधी चुलीतले निखारे लोखंडी भांड्यात काढायचे आणि पहिल्या होडीतून, घराच्या पुढे, नव्या जागी न्यायचे. घर आपल्या विस्तवामागून येतं, असं जुनी माणसं म्हणतात. कोमाद्रेंची गंजून भोकं पडलेली चूल आदल्या दिवशीच बाहेर अंगणात काढली होती. मिंगाच्या सकाळी तिच्यावर शेवटची किटली उकळली, निखारे भांड्यात काढले आणि ती चूल भंगारवाल्याच्या होडीत घालून दिली. इथपर्यंत सगळं रीतसर. पण सेलेदोनिओला भरतीची घाई. "अरे पाणी काय तुमच्या बापाचा नोकर आहे, थांबायला? ओढा!" घर पाण्यात शिरलं आणि झुलत निघालं. खिडकीत पडदे तसेच होते. कोमाद्रे लाँचमध्ये पाठमोऱ्या बसल्या होत्या, मागून येणाऱ्या आपल्या घराकडे बघत.

"कोंपाद्रे, जन्मभर मी घरातून समुद्र बघितला," त्या म्हणाल्या, "आज समुद्रातून घर बघतेय!" आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

घर पलीकडे धक्क्याजवळ, चर्चच्या मागच्या उंचवट्यावर व्यवस्थित बसलं. मग कोणीतरी विचारलं, निखारे कुठायत? सेलेदोनिओला वाटलं कोमाद्रेंकडे, कोमाद्रेंना वाटलं माझ्याकडे, आणि माझ्या हातात तर पत्र्याची कात्री. भांडं टोकावरच राहिलं होतं. ओहोटी लागलेली, परत कोण जाणार? म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "अहो, काडेपेटीतला विस्तव काय विस्तव नसतो?" सगळे हसले. खड्ड्यात तापल्या दगडांवर शिजवलेले शिंपले आणि मांस तयार होतं, बटाट्याच्या किसाच्या जाड भाकऱ्या होत्या, कोणी फार विचार केला नाही. दुसऱ्या दिवशी सेलेदोनिओ भांडं आणायला गेला तर ते तिथे नव्हतं. भरतीने नेलं असणार.

मग माझं काम सुरू झालं. मी आणलेली शेगडी बघून कोमाद्रेंनी नाक मुरडलं. "एवढीशी? ही शेगडी आहे की बिस्किटांचा डबा?"

"खोली केवढी ते बघा," मी म्हटलं. "लहान शेगडी मोकळी जळते. मोठी असती तर तुम्ही तिला सारखी दाबून ठेवली असती आणि ती फुगून बसली असती."

"तुमच्या बायकोबद्दल बोलताय की शेगडीबद्दल?"

लाकडी भिंतीपासून चांगलं अंतर सोडलं, मागे विटांचा पडदा उभा केला, खाली पत्रा घातला. धुराडं सरळसोट वर नेलं, एकही वळण नाही, कारण धुराला वळणं आवडत नाहीत. छपरातून जाताना नळीवर दुसरी नळी, आणि वरचं तोंड छपराच्या कण्याहून चांगलं उंच. सरपण तेपूच्या लाकडाचं, दोन उन्हाळे वाळलेलं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून मी कोमाद्रेंना आवाज ऐकवला. ठण् वाजलं तर वाळलं, थप् वाजलं तर ओलं. त्या म्हणाल्या, "हे मला सांगताय? मी तुमच्या आधीपासून लाकडं फोडतेय."

शेगडीने पहिल्याच काडीला ओढ घेतली. थोड्या वेळाने कोमाद्रेंनी शाल काढली. मग स्वेटर काढला. मग शेगडीकडे पाठ करून डोळे मिटून उभ्या राहिल्या. "किती वर्षांनी पाठ गरम झाली हो," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मलाही भरून आलं, लपवायचं कशाला.

त्यानंतर मी रोज काही ना काही निमित्त काढून तिथे जायला लागलो. पाय शेगडीकडे करून बसायचं, येर्बाच्या पाल्याचा कढत रस तुंब्यातून नळीने ओढायचा, गावातल्या लोकांची निंदा करायची. इतकं सुख मला माझ्या घरीही नव्हतं. शेगडीच्या दाराची काच कधी काळी पडली नाही. मी चर्चबाहेर सगळ्यांना ऐकवायचो की याला म्हणतात काम. झुलेमा म्हणाली, "पुरे झालं कौतुक. आपलं धुराडं गळतंय, तिकडे बघा आधी."

पहिलं दहिवर पडलं त्या सुमाराला सेलेदोनिओ मला धक्क्यावर भेटला. मासे साफ करता करता म्हणाला, "काय रे, टोकावर कोण राहायला आलंय?"

"कोण येणार तिथे? नुसते खुंट उरलेत."

"मग धूर कोणाचा?"

मी बघितलं. टोकावर खरंच धुराची एक बारीक रेघ उभी होती. कोणीतरी काटेरी झुडपं जाळत असेल, असं मी म्हटलं आणि त्यालाही ते पटलं.

मग एका सकाळी उताराच्या रस्त्याने येताना माझं लक्ष गेलं. वारा दक्षिणेचा होता. काठावरच्या सगळ्या धुराड्यांचा धूर एकाच अंगाला कलला होता. कोमाद्रेंच्या धुराड्यावर काहीच नव्हतं. मला वाटलं शेगडी विझली, म्हणून घाईघाईने आत गेलो. शेगडी छान जळत होती. कोमाद्रेंनी नुकतंच नवीन लाकूड घातलं होतं.

वाळकं लाकूड धूर कमी करतं, मान्य. पण पेटताना थोडा तरी धूर होतोच. तो कुठेतरी जायला हवा. बाहेर जात नसेल तर घरात राहतो, आणि घरात राहिला तर माणूस झोपेतच जातो. अशी माणसं मी बघितली आहेत. मी कोमाद्रेंना विचारलं, "डोकं दुखतं का? मळमळतं? सकाळी उठल्यावर गरगरतं?"

"मला? काल रेडिओवर गाणं लागलं तर मी एकटीच नाचले," त्या म्हणाल्या. "खोकला तर कुठच्या कुठे गेला."

मी लांब दांड्याचा ब्रश आणला आणि धुराडं साफ करायला घेतलं. ब्रश वरपासून खालपर्यंत फिरवला आणि बाहेर काढला. कोरा. खाली कागद पसरला होता, त्यावर काजळीचा कणसुद्धा पडला नाही. नळी आतून दुकानातून आणल्या दिवशी होती तशीच चकचकीत होती. इतके महिने तिच्यातून काही गेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शिडी लावून छपरावर चढलो आणि धुराड्याच्या तोंडावर तळहात धरला. गार. धुराड्याच्या टोपीवर दहिवर तसंच होतं. मी वरून ओरडलो, "कोमाद्रे, परवा तोडलेलं सफरचंदाचं लाकूड टाका! ओलंच टाका!"

"काच काळी होईल!"

"होऊ दे! टाका!"

शेगडीचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. छपराखाली, खोलीत, नळी इतकी तापलेली असणार की थुंकी टाकली तर चुर्र झाली असती. माझ्या हाताला मात्र काही लागलं नाही. ऊब नाही, वास नाही. मी मान वर केली. खाडीपलीकडे टोकावर पिवळट, जाड धुराचा लोट उठला. ओल्या सफरचंदाच्या लाकडाचा धूर मी कुठेही ओळखेन.

मी छपरावर बराच वेळ बसून राहिलो. 

दुपारी सेलेदोनिओला म्हटलं, मला टोकावर सोड. तोही उत्सुक होता, पण होडीतून उतरल्यावर त्याचे पाय काही पुढे पडेनात. दरडीवर सगळीकडे दहिवर पांढरं पसरलं होतं. जिथे घर होतं तिथे मात्र एक चौकोन हिरवागार. घराएवढाच, कोपरे अगदी नीट. आत घराखालचे जुने खुंट, आणि त्यांच्यामध्ये भिजलेली काळी माती. वर, जिथे धुराडं असायला हवं होतं तिथे, हवेतूनच धूर निघत होता. सुरुवातीला नळीएवढा गोल, मग पसरत जाणारा.

"आवेलिनो, चल परत," सेलेदोनिओ म्हणाला. गावभर ओरडणारा हा माणूस कुजबुजत होता.

मी आत गेलो. आत म्हणजे त्या चौकोनात. दार जिथे होतं तिथूनच गेलो, का ते माहीत नाही. ताज्या भाकरीचा वास आला. दोन पावलं टाकली आणि नडग्यांना शेक लागला, शेगडीसमोर उभं राहिल्यावर लागतो तसा. जवळच कुठेतरी कोमाद्रे गुणगुणत होत्या. सूर नेहमीप्रमाणे चुकत होता. मी वळलो आणि समोर जी वाट दिसली तिने, खुंटांमधून, सरळ बाहेर पडलो. सेलेदोनिओने लगेच होडी वळवली.

तसाच कोमाद्रेंकडे गेलो. त्या कमरेवर हात ठेवून स्वयंपाकघरात उभ्या होत्या.

"कोंपाद्रे, आताच फरशी पुसली होती मी! चिखलाचे बूट घेऊन आत आलात ते आलात, निदान दाराने तरी जायचं!"

फळ्यांच्या फरशीवर काळ्या मातीचे ठसे होते. दारातून शेगडीपर्यंत, तिथून वळून मागच्या भिंतीपर्यंत. शेवटच्या ठशाची फक्त टाच दिसत होती. पुढचा भाग भिंतीखाली गेला होता.

मी खाली बसलो. कोमाद्रेंनी मला पाणी दिलं आणि मग फरशी पुसून काढली. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मला वाटतं त्यांना बरंच आधीपासून ठाऊक होतं.

"मी सगळं उतरवतो," मी म्हटलं. "नवी नळी घालतो. पहिल्यापासून बसवतो."

"धुराड्याला हात लावायचा नाही." त्या समोर येऊन बसल्या. "घर गरम आहे. मी बरी आहे. एल्सिरा येईल, तिला गरम घर दिसेल आणि ती मला इथे राहू देईल. तुम्ही ते उतरवलंत आणि नंतर लागलंच नाही तर? मग मी काय करू, सांगा. तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसू?"

मी हात लावला नाही. माझ्या धंद्याच्या नियमाप्रमाणे हे चूक होतं. पण त्या खोलीत बसून मला चूक वाटत नव्हतं. तिथे सगळं ठीक होतं, इतर कुठल्याही घरापेक्षा जास्त ठीक.

जुलैत एल्सिरा आली. लाल जाकीट, हातात रिकामी पिशवी, आईचे कपडे भरायला. आईने पुढे केलेला येर्बाचा तुंबा तिने घेतला नाही. "नको, आधी बोलू," म्हणाली. मग खोलीभर फिरली. भिंतींना हात लावून बघितला, गादी दाबून बघितली, खिडकीच्या चौकटीत ओल शोधली. कुठेच सापडली नाही. तिने जाकिटाची चेन उघडली आणि मला वाटलं, चला, जिंकलो.

मग ती बाहेर जाऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"पाद्रिनो, धूर कुठे जातो?"

"धूर?"

"छपरावर धूर नाही. शेगडी तर जळतेय. आमच्या गल्लीत गेल्या वर्षी नवरा-बायको दोघं झोपेत गेले. त्यांच्याही धुराड्यातून धूर येत नव्हता. तुम्हीच मला लहानपणी सांगायचात ना, धूर कुठेतरी जायलाच हवा? मग सांगा आता. कुठे जातो?"

तिच्याशी खोटं बोलणं मला कधीच जमलं नाही. मी खिडकीतून बोट दाखवलं. आज टोकावर धूर अगदी सरळ उभा होता.

एल्सिराने बघितलं. मग माझ्याकडे, मग आईकडे. तिचा चेहरा लाल झाला. "म्हातारे झालात म्हणून काय, माझी थट्टा करणार? आईचा जीव आहे हा! हे बघा, मला काही ऐकायचं नाही. आई, उद्या सकाळच्या बोटीने आपण जातोय."

तिने कपाटातून आईचे स्वेटर काढले आणि पिशवीत कोंबायला लागली.  कोमाद्रे फक्त एवढंच म्हणाल्या, "जायच्या आधी एकदा टोकावर जाऊन ये. तुझा जन्म आहे तिथला. पुन्हा कधी यायचीस?"

"जाणारच आहे," एल्सिरा म्हणाली. "कोण जाळतंय काय तिथे, ते बघूनच येते." आणि पिशवी दाराशी ठेवून तणतणत सेलेदोनिओच्या होडीकडे गेली.

बाहेर बारीक पाऊस सुरू झाला होता. कोमाद्रेंनी शेगडीत दोन चांगल्या ढलप्या घातल्या. विणलेल्या बैठकीची खुर्ची ओढून शेगडीसमोर ठेवली. तुंब्यात पाला भरला, दोन चमचे साखर घातली, किटलीतलं पाणी ओतलं, नळी खोचली. तुंबा शेगडीच्या कडेवर, खुर्चीतून हाताला येईल असा ठेवला. मग एप्रनला हात पुसत माझ्याशेजारी खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या.

खाडी तिथे अरुंद आहे. टोकावर कोण आहे ते कपड्यांवरून ओळखू येतं.

लाल जाकीट होडीतून उतरलं. सेलेदोनिओ होडीतच बसून राहिला. एल्सिरा दरड चढली, त्या चौकोनाभोवती एक फेरी मारली, वाकून खुंटांमध्ये बघितलं. आग शोधत असणार.

मग थांबली. बराच वेळ थांबली.

दार होतं त्या जागी ती आली आणि तिने पाय पुसले. आधी एक, मग दुसरा.

आत गेली.

पुढे होऊन तिने दोन्ही हात पुढे धरले. पाऊस जोरात आला होता. ती हलली नाही.

"गारठलीय पोर," कोमाद्रे हळूच म्हणाल्या.

मग एल्सिरा बसली.

खाली नाही. जमिनीवरही नाही, खुंटावरही नाही. खुर्चीच्या उंचीवर.

आमच्या मागे खुर्ची करकरली.

मी मागे बघितलं नाही. कोमाद्रेंनीही बघितलं नाही. त्यांनी माझा दंड धरला होता आणि त्यांचा हात गरम होता. खोलीत शेगडीचा आवाज तेवढा येत होता. मग, थोड्या वेळाने, तुंबा संपत आला की नळीतून येतो तो खुरखुर आवाज आला. एकदा, आणि मग पुन्हा एकदा, शेवटचा थेंब ओढताना येतो तसा.

कोमाद्रे काचेकडे बघून हसत होत्या. खरं सांगतो, मला भीती वाटत होती आणि तरीही तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

पाऊस थांबल्यावर होडी परत आली. एल्सिरा आत आली, दारात बूट काढले. तिचं जाकीट कोरडं होतं. ती शेगडीकडे गेली नाही, खुर्चीकडेही बघितलं नाही. दाराशी ठेवलेली पिशवी उचलली, आईचे स्वेटर एकेक करून बाहेर काढले, घड्या घातल्या आणि कपाटात परत ठेवले. मग कपाटाचं दार लावलं, आमच्याकडे पाठ करूनच.

"तू इथेच राहा, आई," ती म्हणाली. "फक्त मला देताना साखर एवढी घालत जाऊ नकोस."